काखेंत कळसा: एका माशाच्या शोधाचा इतिहास

इतिहास म्हटला कीं राजांच्या वंशावळी, लढाया आणि तह हेच आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. माशालाही इतिहास असूं शकतो असें कोणीं म्हटलें तर तें पुष्कळांना विनोदाचें वाटेल. परंतु उत्तर अमेरिकेंतील वॉलआय नांवाच्या माशाची हकीगत पाहिली तर तींत तह आहेत, न्यायालयांतील वाद आहेत, यंत्रांचा उदय आहे. आणि या सर्वांच्या मुळाशीं मनुष्याच्या ज्ञानाविषयींचा एक प्रश्न आहे. जी वस्तु आपल्या पायांशीं आहे, ती शोधण्यासाठीं आपण दूरवर कां भटकतों? काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, ही आपली म्हण या माशाच्या पाठीमागें लागलेल्या लोकांना जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाला पडत असेल. म्हणून हा परका विषय आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

वॉलआय हा गोड्या पाण्यांतला मासा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा उत्तर भाग आणि कॅनडा हें त्याचें मूळस्थान. मिनेसोटा संस्थानांत दहा एकर किंवा त्याहून मोठीं अशीं ११,८४२ सरोवरें आहेत असें तेथील सरकारी गणना सांगते. आणि त्या संस्थानानें १९६५ सालीं याच माशाला आपल्या राज्याचा मासा म्हणून मान दिला. अंगाचा रंग हिरवट सोनेरी, पोट पांढरें, शेपटीच्या खालच्या टोंकाला पांढरा ठिपका, आणि डोळे मोठे, कांचेसारखे, धुरकट. कॅनडांतील फ्रेंच लोक त्याच्या रंगावरून त्याला ‘दोरे’, म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेला, असें म्हणतात. इंग्रजी नांव पडलें तें डोळ्यांवरून. १८१८ सालीं सॅम्युअल मिचिल या अमेरिकन पंडितानें त्याचें शास्त्रीय वर्णन केलें, तेव्हां त्यानेंही नामकरणासाठीं लॅटिनमधील ‘कांचेचा’ या अर्थाचाच शब्द निवडला. पाहणाऱ्याची नजर प्रथम त्या डोळ्यांवर खिळते, आणि या माशाचें सगळें चरित्रही त्या डोळ्यांतच सांठवलेलें आहे.

मांजराचे डोळे अंधारांत चमकतात हें सर्वांनीं पाहिलें आहे. तशीच प्रकाश परतविणारी एक रचना वॉलआयच्या डोळ्याच्या पडद्यांत असते. आंत शिरलेला अंधुक प्रकाश तिच्यावरून उलटतो, आणि पाहण्याच्या कामीं तो दुसऱ्यांदा उपयोगी पडतो. त्यामुळें संधिप्रकाशांत, रात्रीं किंवा गढूळ पाण्यांत या माशाला जें दिसतें तें त्याच्या भक्ष्याला दिसत नाहीं. पिवळा पर्च हा लहान मासा त्याचें आवडतें खाद्य. भर दिवसां पर्चची दृष्टि तीक्ष्ण असते. सूर्य कलला कीं ती मंदावते आणि वॉलआयचें राज्य सुरू होतें. परंतु प्रत्येक देणगीची किंमत मोजावी लागते. अंधारासाठीं घडलेल्या या डोळ्याला उन्हाळ्यांतील दुपारचा लखलखाट मानवत नाहीं. अशा वेळीं त्याला दोनच वाटा मोकळ्या असतात: खोल पाण्यांत उतरणें, किंवा उथळ पाण्यांतच एखादी गर्द सावली गांठणें. या दोन वाटांपैकीं दुसरी वाट मनुष्य बराच काळ विसरला होता.

प्रारंभीं मात्र तो उथळ पाणी विसरलेला नव्हता. सुपीरियर सरोवराच्या आसमंतांत राहणारे ओजिब्वे लोक या माशाला ‘ओगा’ म्हणतात. वसंतऋतूंत बर्फ वितळतांच वॉलआय अंडीं घालण्यासाठीं कांठालगतच्या खडकाळ, उथळ पाण्यांत येतो. ओजिब्वे लोक रात्रीच्या वेळीं होडीच्या नाळेवर मशाल पेटवून कांठाकांठानें फिरत. मशालीच्या उजेडांत माशांचे डोळे निखाऱ्यांसारखे चमकत आणि त्या खुणेवर भाला नेमका पडे. ज्या डोळ्यानें माशाला अंधाराचें राज्य दिलें त्याच डोळ्यानें त्याचा ठावठिकाणा सांगितला! रात्रीं पाण्यावर हलणाऱ्या या मशाली पाहून फ्रेंच व्यापाऱ्यांनीं विस्कॉन्सिनमधील एका सरोवराला ‘मशालींचें सरोवर’ या अर्थाचें ‘लॅक द्यु फ्लांबो’ हें नांव दिलें. तेथील वस्ती आजही त्याच नांवानें ओळखली जाते.

पुढें १८३७ आणि १८४२ सालच्या तहांनीं ओजिब्वे लोकांनीं आपली विस्तीर्ण भूमि संयुक्त संस्थानांच्या हवालीं केली. मात्र दिलेल्या मुलखांत शिकार करण्याचा, मासे धरण्याचा आणि रानभात गोळा करण्याचा आपला हक्क १८३७ च्या तहांत त्यांनीं राखून ठेविला. कागदावरील हा हक्क हळूहळू कागदावरच राहिला. संस्थानांचे अधिकारी स्थानिक कायद्यांचा आधार घेऊन ओजिब्वे मासेमारांना पकडूं लागले. १९७४ सालीं विस्कॉन्सिनमध्यें दोघे भाऊ राखीव प्रदेशाच्या हद्दीबाहेरील पाण्यांत भाल्यानें मासे मारतांना पकडले गेले, आणि त्यांतून उद्भवलेल्या वादांत १९८३ सालीं अपील न्यायालयानें जुने हक्क जिवंत असल्याचा निर्णय दिला. तो निर्णय शेजाऱ्यांच्या पचनीं पडला नाहीं. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वसंतांतल्या रात्रीं होड्यांच्या धक्क्यांवर जमाव जमत, शिव्याशाप होत, दगडही फेंकले जात. मिनेसोटांतील असाच एक वाद वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९९ सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं १८३७ च्या तहांतील हक्क कायम ठरले. एकशें बासष्ट वर्षांपूर्वींचा करार एका मताच्या फरकानें तरला!

हा सर्व वाद येथें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, ज्यांनीं हा मासा प्रथम ओळखला त्यांनीं तो कांठच्या उथळ पाण्यांत, होडीच्या नाळेपुढें, आपल्या डोळ्यांनीं ओळखला. त्यांच्यामागून गळ घेऊन आलेल्या हौशी लोकांची विद्या मात्र विसाव्या शतकाच्या मध्यास अगदीं उलट दिशेनें गेली.

त्या विद्येचा एक मोठा आचार्य म्हणजे नॉर्थ कॅरोलिनाचा एलवूड पेरी, ‘बक पेरी’ या नांवानें प्रसिद्ध. मोठ्या माशांचें खरें घर खोल पाणी. तेथून ते तळाच्या उंचवट्यांच्या आणि उतारांच्या आधारानें थोडा वेळ वर येतात व पुन्हां खालीं जातात, हें त्याच्या शिकवणीचें सार. सरोवराचा तळ सपाट थाळीसारखा नसून त्याला डोंगर, कडे आणि खिंडी आहेत, हें त्यानें हजारों लोकांना दाखविलें. त्याचे उपकार कोणी नाकारणार नाहीं. परंतु गुरूचा सिद्धांत शिष्यांच्या हातीं गेला म्हणजे त्याचा मंत्र होतो. ‘खोल पाणी’ हा तसाच मंत्र झाला.

त्यांत यंत्राची भर पडली. दुसऱ्या महायुद्धांत पाणबुड्या शोधण्यासाठीं ध्वनिलहरींचा जो उपयोग झाला, तोच १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मिसूरींतील लोरन्स पितापुत्रांनीं सामान्य गळवाल्याच्या होडींत आणला. त्यांच्या यंत्राची ‘छोटी हिरवी पेटी’ घरोघर पोंचली. पेटींतून निघालेला नाद तळापर्यंत जाऊन परत येई, आणि तबकडीवरील चमक खोली व मासे यांची वर्दी देई. आतां या यंत्राची मर्यादा पहा. नाद शंकूच्या आकारानें खालीं पसरतो. शंकूचा कोन वीस अंशांचा धरला तर तीस फूट खोलीवर दहा फुटांहून अधिक रुंदीचें वर्तुळ दिसतें. सहा फूट खोलीवर जेमतेम दोन फुटांचें. शिवाय दाट पाणवनस्पतींवरून नाद परततो आणि तबकडीवर नुसती गर्दी दिसते. आणि इतक्या उथळ पाण्यांत होडी डोक्यावर आली म्हणजे मासा तेथें थांबत नाहीं. म्हणजे ज्या पाण्यांत यंत्राला दिसत होतें त्याच पाण्यांत माणूस मासे शोधूं लागला. १९६८ च्या सुमारास मिनेसोटांतील लिंडनर बंधूंनीं सरकत्या शिशाची जी प्रसिद्ध जोडणी प्रचारांत आणली, तीही स्वच्छ तळावरून ओढीत नेण्याची. वनस्पतींत ती अडकावयाची. विश्वास, यंत्र आणि हत्यार हीं तिन्ही एकमेकांना दुजोरा देऊं लागलीं, आणि कांठच्या हिरव्या पट्ट्याकडे पाहण्याचें कारणच उरलें नाहीं. वॉलआय उन्हाळ्यांत तेथें असणार नाहीं, असें मानलें गेलें. आणि कोणी पाहत नसल्यामुळें तो तेथें कोणाला सांपडेही ना.

वास्तविक उन्हाळ्यांतील सरोवराची घडण पाहिली तर या समजुतीला पुष्कळ ठिकाणीं आधारच राहत नाहीं. उन्हानें वरचें पाणी तापून हलकें होतें. खालचें थंड व जड राहतें. मध्यें एक सीमा पडते आणि दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहींत. ज्या सरोवरांत सेंद्रिय द्रव्य विपुल असतें, तेथें तळाशीं चाललेल्या कुजण्यानें खालच्या थरांतील प्राणवायु जुलै-ऑगस्टपर्यंत संपत येतो. अशा पाण्यांत खोल जागा म्हणजे रिकामें तळघर! उलट कांठालगत, सहा ते बारा फूट पाण्यांत, वनस्पतींचें रान माजलेलें असतें. दिवसां तेथें प्राणवायु निर्माण होतो, पानांखालीं सावली असते, आणि लहान पर्चचे थवे त्याच आश्रयाला आलेले असतात. घर, अन्न आणि अंधार हीं तिन्ही एकाच जागीं मिळत असतां वॉलआयनें दुसरीकडे कां जावें?

या रानांतील सर्वांत मानाची वनस्पति म्हणजे रुंद पानांची पोटॅमोजेटॉन. तेथील गळवाले तिला लाडानें ‘कोबी’ म्हणतात. दुसरी सेराटोफायलम, मऊ शेपटासारखी, मुळें नसलेली. ही दुसरी तर आपल्या तळ्यांतही वाढते आणि घरांतल्या मासे पाळण्याच्या कांचेच्या पेटींतही दिसते. सूर्यप्रकाश जेथपर्यंत पोंचतो तेथपर्यंत या वनस्पति उतरतात आणि मग एका रेषेंत थांबतात. ती बाहेरची रेषा, आणि रानाच्या आंतील मोकळ्या जागा, या वॉलआयच्या बसण्याच्या जागा होत.

तेथें मासा धरण्याची रीतही निराळीच. जड शिसें येथें कामाचें नाहीं. औंसाच्या सोळाव्या किंवा आठव्या हिश्शाच्या वजनाचा शिशाच्या डोक्याचा गळ, त्यावर जळू किंवा गांडूळ, आणि तो पानांच्या फटींतून सावकाश खालीं सोडावयाचा. गळ पानाला अडकला तर हिसका देऊन सोडवावा. एकाएकीं सुटलेला गळ दचकून पळणाऱ्या लहान माशासारखा दिसतो, आणि पुष्कळदां त्याच क्षणीं वॉलआय झडप घालतो. एरव्हीं तरंगीखालीं जळू टांगून मोकळ्या जागेंत स्वस्थ राहूं द्यावी. वेळ पहांटेची, तिन्हीसांजेची, किंवा आभाळ भरून वारा सुटलेल्या दिवसाची. कारण लाटांनीं फुटलेल्या पृष्ठभागांतून प्रकाश सरळ आंत शिरत नाहीं. या साऱ्या विद्येला थोडा धीर आणि पुष्कळ निरीक्षण लागतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गळवाल्यांनीं ती पुन्हां संपादन केली, आणि उन्हाळ्यांत मासे ‘नाहींसे’ होतात ही जुनी तक्रार पुष्कळ सरोवरांवर कमी झाली.

परंतु कळसा सांपडला तोंच तो फुटण्याचें भय उभें राहिलें आहे. कांठच्या वनस्पतींना सरोवराकांठीं बंगला बांधणारा गृहस्थ कचरा समजतो. त्याला धक्क्यापुढें न्हाणीसारखें निर्मळ पाणी हवें असतें. म्हणून तो त्या उपटतो किंवा त्यांवर औषध घालतो. पाण्याबाहेर डोकें काढणाऱ्या वनस्पति काढण्यास मिनेसोटांत सरकारी परवाना लागतो, तो याच कारणासाठीं. दुसरीकडून परक्या वनस्पतींचा शिरकाव झाला आहे. कुरळ्या पानांची युरेशियन जात उन्हाळ्याच्या मध्यावरच मरून कुजते आणि पाण्यांत शेवाळ माजविते. १९८७ सालीं मिनेसोटांत आढळलेली दुसरी एक युरेशियन वनस्पति पृष्ठभागावर जाळें विणून देशी वनस्पतींना गुदमरविते. मिल लॅक्स सरोवराची गोष्ट याहून चमत्कारिक. तेथील पाणी १९८० नंतरच्या दशकांत अधिकाधिक नितळ होत गेलें आणि २००५ सालीं तेथें पाणी गाळून खाणारे परके झेब्रा शिंपले आढळले. पाणी नितळ झालें हें ऐकून कोणालाही आनंदच होईल. परंतु अंधुक प्रकाशावर जगणाऱ्या माशाला नितळ पाणी म्हणजे उघडें माळरान. तेथें वॉलआयची संख्या घटली, आणि त्या घटीच्या अनेक कारणांत या नितळपणाचीही गणना होते. अशा पाण्यांत वनस्पतींची सावली ही सोय राहत नाहीं, ती गरज होते. आणि नेमकी तीच आपण उपटून टाकीत असतों.

ओजिब्वे लोकांना मासा कोठें आहे हें ठाऊक होतें, कारण त्यांचें जगणें त्याच कांठावर होतें. यंत्रवाल्यांना तें ठाऊक नव्हतें, कारण त्यांचें लक्ष तबकडीवर होतें. आम्ही यंत्राला दोष देत नाहीं. खोल पाण्यांतील कित्येक गोष्टी त्यानेंच शिकविल्या. परंतु यंत्राला जें दिसत नाहीं तें नाहींच, असें म्हणण्याची जी संवय मनाला लागते, तिच्याविषयीं सावध राहणें बरें. जुलैमधील संध्याकाळीं दिवसभर खोल पाण्यांत गळ ओढून रिकाम्या हातांनीं परतणारी होडी धक्क्याला लागण्यापूर्वीं शेवटचे चाळीस-पन्नास हात त्या हिरव्या रानावरूनच येते. सूर्य नुकताच मावळलेला असतो, आणि खालीं पानांच्या सावलींतून ते कांचेसारखे डोळे बाहेर पडण्याच्या तयारींत असतात.