तळटीप : हॅमायसिन

४. हॅमायसिन : धरमतर खाडीकाठच्या खारपाटात भातलावणीच्या दिवसांत पायांना होणाऱ्या चिखल्यांच्या ओघात लेखकाने हे नाव घेतले आहे. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार व सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास हे बुरशीनाशक शोधले. ते तयार करतो स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना हा पिंपरीच्याच मातीतला जिवाणू. बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलला चिकटून ते पटलाला भोके पाडते. आतले क्षार झिरपून जातात आणि बुरशी मरते. बहुतेक जिवाणूंच्या पटलात असे स्टेरॉल नसतेच, त्यामुळे त्यांचे काही बिघडत नाही. (पेनिसिलिनच्या नेमका उलटा व्यवहार : तिथे बुरशी जिवाणूंना मारते.) तेव्हा पू धरलेल्या चिखल्यांवर एकट्या हॅमायसिनची मात्रा चालणार नाही.