नेच्याचे पान आणि लाकडी डबी

रोजच्या वापरातल्या वस्तूंचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. राजांच्या मोहिमा आणि तहांची कलमे यांची नोंद दप्तरांत राहते. सुया ठेवण्याची नळी, चहाची पेटी किंवा तपकिरीची डबी यांची नोंद कोण ठेवणार? तरीही एखादी जुनी डबी नीट न्याहाळली, तर ती आपल्या काळाविषयी पुष्कळ काही सांगून जाते. अशाच एका डबीची आणि तिच्यावर चिकटवलेल्या वाळक्या पानाची ही हकीकत आहे.

स्कॉटलंडच्या एअरशायर परगण्यात मॉखलिन नावाचे लहानसे गाव आहे. रॉबर्ट बर्न्स या कवीच्या वास्तव्यामुळे ते वाङ्मयाच्या अभ्यासकांना ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकात याच गावी स्मिथ बंधूंचा लाकडी डब्यांचा कारखाना भरभराटीस आला. या डब्या प्रथम तपकिरीसाठी होत. झाकणाची बिजागरी लाकडातच अशा खुबीने लपवलेली असे की, खिशात तपकिरीचा कणही सांडू नये. पुढे तपकिरीचा शौक ओसरला आणि कारखान्यासमोर पोटाचा प्रश्न उभा राहिला. कारागिरांनी मग दोऱ्याची रिळे, सुया, चहा, पैसे असे घरातले काहीही ठेवण्याच्या पेट्या घडवण्यास आरंभ केला. फिकट रंगाच्या सिकॅमोर लाकडावर कधी स्कॉटिश चौकड्यांची नक्षी, कधी प्रेक्षणीय स्थळांची चित्रे येऊ लागली. आणि १८७० च्या सुमारास त्यांवर नेच्याची खरीखुरी पाने अवतरली.

नेचा म्हणजे इंग्रजीतील ‘फर्न’. याला फूल नाही, फळ नाही. वैभव म्हणायचे ते सगळे पानाच्या कातरकामात. हे पान कागदात दाबून वाळवीत, लाकडावर चिकटवीत आणि त्यावर व्हार्निशचे थर चढवून घासून गुळगुळीत करीत. दुसरी रीत अधिक कौशल्याची होती. लाकडावर पाने टाचून वरून गडद तपकिरी रंगाचा बारीक फवारा मारीत. मग काही पाने उचलून पुन्हा फवारा देत. प्रथम उचललेल्या पानाची जागा थोडी गडद होई, शेवटी उचललेल्याची फिकट राही आणि सपाट फळीवर एकामागे एक पाने उभी असल्याचा भास होई. ही रीत घरोघर पोहोचली. कारखान्याची हत्यारे नसली, तरी दात घासण्याचा जुना ब्रश शाईत बुडवून फणीवर घासला की तुषार उडत. जुनी पेटी, मेजाचा रंग उडालेला पृष्ठभाग, पडद्याची चौकट असल्या टाकाऊ वस्तूंना गृहिणी या युक्तीने नवे रूप देत.

पण पाने नेच्याचीच का? याचे उत्तर लंडनच्या पूर्व भागातील नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरच्या एका बाटलीत सापडते. १८२९ मध्ये वॉर्डने एका पतंगाचा कोश ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला होता. त्या मातीतून एक नेचा आणि थोडे गवत आपोआप उगवले. लंडनच्या धुरकट हवेत जो नेचा त्याच्या बागेत तग धरीत नव्हता, तो बंद काचेत वर्षानुवर्षे हिरवा राहिला. वॉर्डने यावरून काचेच्या बंद पेट्या बनवल्या, १८३३ मध्ये त्यांतून सिडनीला झाडे धाडली आणि १८४२ मध्ये या शोधावर पुस्तक लिहिले. १८४५ मध्ये इंग्लंडात काचेवरील कर उठला, काच स्वस्त झाली आणि बैठकीच्या खोलीत नेच्याची पेटी मांडणे ही प्रतिष्ठेची खूण ठरली. आगगाडीने डोंगरदऱ्या जवळ आणल्या आणि स्वस्त पुस्तकांनी जाती ओळखण्यास शिकवले. १८५५ मध्ये चार्ल्स किंग्स्ले या लेखक-धर्मोपदेशकाने या वेडाला ‘टेरिडोमेनिया’, म्हणजे नेच्याचे वेड, असे नावच दिले. मात्र त्याचा सूर निव्वळ चेष्टेचा नव्हता. कादंबऱ्या, गप्पा आणि विणकाम यांत दिवस घालवणाऱ्या मुलींना या छंदाने अधिक उत्साही केले, असे त्याचे मत होते. ज्या समाजात स्त्रियांना एकट्याने हिंडण्याची मोकळीक फारशी नव्हती, तेथे पाने गोळा करणे हे घराबाहेर पडण्याचे सभ्य निमित्त ठरले, ही गोष्ट लहान नव्हे.

त्याच १८५५ साली हेन्री ब्रॅडबरीने ब्रिटनमधील नेच्यांचा एक भव्य ग्रंथ छापला. खरे पान मऊ शिशाच्या पत्र्यावर दाबून त्याच्या ठशावरून तांब्याची छपाई-पाटी तयार करीत. त्यामुळे पानाची शीर न् शीर कागदावर उमटे. आपल्या डोंगरात पानाच्या पाठीला पांढरी भुकटी असलेला नेचा आढळतो. मुले तो हातावर दाबून चांदीसारखा ठसा उमटवतात. तत्त्व तेच, फरक साधनांचा.

येथवरची कथा रम्य आहे. पुढची तशी नाही. दुर्मीळ जातीला बाजारात किंमत आली, तेव्हा टोपल्या भरभरून नेचे शहरात येऊ लागले. आयर्लंडातील किलार्नीचा नेचा इतका नाजूक की, त्याच्या पातळ पानातून उजेड आरपार जातो. तो संग्राहकांनी जवळजवळ नामशेष केला. स्कॉटलंडच्या मॉफट टेकड्यांतील वुड्सिया नावाच्या चिमुकल्या नेच्याची १८५० नंतरच्या काळात अशीच धूळधाण झाली. १८६१ मध्ये वेल्समधील स्नोडनच्या कड्यावर विल्यम विल्यम्स हा वनस्पती दाखवणारा वाटाड्या नेचा गोळा करताना कोसळून मरण पावला.

येथे दोष कोणाचा, हे नीट पाहिले पाहिजे. डबीवरच्या मेलेल्या पानाकडे पाहून आपण हळहळतो. परंतु पान खुडले तर गड्डा जमिनीत राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात नवे पान उलगडते. खरा घात केला तो जिवंत रोप मुळासकट उपटून आपल्या काचेच्या पेटीत ठेवण्याच्या हौसेने. निसर्ग ‘जिवंत’ आपल्या घरात असावा, हा मोह वरकरणी अधिक प्रेमळ, पण परिणामी अधिक क्रूर ठरला. शिवाय त्यात खलपुरुष कोणीच नव्हता. प्रत्येकाने एकेकच रोप नेले; त्या एकेकांची बेरीज मात्र कोणीच केली नाही. कायदा नेहमीप्रमाणे शेवटी आला: किलार्नीच्या नेच्याला ब्रिटनमध्ये कायदेशीर संरक्षण मिळाले ते १९७५ साली. वुड्सियाची रोपे वाढवून ती डोंगरात पुन्हा लावण्याचे काम एडिंबरोच्या वनस्पती उद्यानाने १९९९ मध्ये आरंभिले. दहा-वीस वर्षांच्या हौसेची भरपाई करण्यास दीड शतकानंतर असा प्रारंभ झाला.

या इतिहासाशी आपलाही संबंध आहे. वॉर्डच्या पेट्यांतूनच चीनचा चहा हिमालयाच्या उतारावर आणि दक्षिण अमेरिकेची सिंकोना निलगिरीवर आली. मद्रास इलाख्याच्या वनखात्यातील बेडम याने दक्षिण हिंदुस्थानातील नेच्यांवर १८६३ पासून सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबई इलाख्यातील नेच्यांवर ब्लॅटर आणि डी’आल्मेडा यांचे पुस्तक १९२२ मध्ये निघाले. ब्लॅटर यांच्या नावाचा शुष्क वनस्पतींचा संग्रह मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात आहे. अशा संग्रहातील पानही वाळलेलेच असते. परंतु त्याच्याखाली ते कोठे, केव्हा आणि कोणाला मिळाले, हे लिहिलेले असते. पुढे कधी ती जात डोंगरावरून नाहीशी झाली, तर तिचे घर कोठे होते, हे त्या चिठ्ठीवरून कळते.

मॉखलिनचा कारखाना १९३३ मध्ये आगीत जळाला आणि तो उद्योग संपला. त्याच्या डब्या मात्र संग्रहालयांत व जुन्या घरांत टिकून आहेत. त्यांवरील पानांना गाव नाही, तारीख नाही. सौंदर्य तेवढे आहे. आपल्याकडे पूजेची पत्री आणताना वडीलधारी माणसे बजावतात की, पाने हळू खुडावीत, फांदी ओरबाडू नये. नेच्याच्या वेडाने एका संपन्न देशाला जो धडा फार उशिरा शिकवला, तो या साध्या सूचनेत आधीच सांगितलेला आहे.