भाताच्या पायाशी उडीद

तंजावरच्या कावेरीकाठी भातकापणीच्या आठवडा-दहा दिवस आधी उभ्या पिकातच उडीद-मूग फेकतात. नांगरट नाही, वेगळं पाणी नाही. उरलेल्या ओलीवरच शेंगा धरतात.

तंजावरच्या मराठ्यांचा दरबार इथल्या भातावर पोसला गेला. मात्र त्याच शेतातल्या डाळीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र बांधतात, हे जर्मनीत हेलरीगेल-विल्फार्थ यांनी १८८६ मध्ये दाखवलं. १८८८ मध्ये बायरिंकने त्यातला जिवाणू वेगळा केला. तंजावरचं मराठा राज्य तर १८५५ मध्येच खालसा झालेलं!

उडदाच्या गाठींत मुख्यतः ब्रॅडीरायझोबियम हा जिवाणू असतो, पण एकाच नावाखाली जनुकीयदृष्ट्या निरनिराळे स्थानिक वाण मातीत नांदतात. म्हणूनच भाताच्या पेजेत कालवून बियाण्याला चोळलेलं विकतचं जिवाणू-संवर्धक पुष्कळदा हरतं: गाठी स्थानिक जिवाणूच बळकावतात.