वेलांटी आधीं कीं अक्षर आधीं?

गोंदियालगतच्या कुडव्यास एका निवृत्त टंकलेखकांच्या घरीं स्वस्तांतला यांत्रिक कळफलक व माऊस यांची जोडी परवां हाताळून पाहिली. प्रत्येक कळीखालीं स्वतंत्र स्प्रिंग. टकटक अगदीं जुन्या टंकयंत्राची! कळींवर अक्षरें मात्र रोमनच. तो क्रम शोल्सच्या टंकयंत्राबरोबर १८७४ सालीं बाजारांत आला. माऊसचें काय, १९६८ सालीं एंगलबार्टनें तो सॅन फ्रान्सिस्कोंत जगास दाखविला. त्याला लिपीचें सोयरसुतक नाहीं.

खरी अडचण वेलांटीची. देवनागरी टंकयंत्राचा कागद एकाच दिशेनें सरके; म्हणून ‘गोंदिया’ लिहितांना डावीकडे दिसणारी ऱ्हस्व वेलांटी ‘द’च्या आधीं उमटवावी लागे. १९९१ च्या भारतीय मानकांतील इन्स्क्रिप्ट रचना उच्चाराच्या क्रमानें चालते: आधीं ‘द’, मग वेलांटी. यंत्र डोळ्याचें ऐके, संगणक जिभेचें ऐकतो.

गृहस्थांनीं हीच रचना लावून, शोधशोधून कां होईना, पांच कळींत ‘कुडवा’ लिहिलें. ‘गोंदिया’पाशीं मात्र चाळीस वर्षांची संवय आडवी आली, पडद्यावर पोरकी वेलांटी टिंबांच्या वर्तुळाला बिलगून उभी! त्यांनीं ती पुसली आणि हंसत ‘द’ शोधूं लागले.