चपट्या तारेची कुळकथा

तारेतून खालचा सूर काढण्याचे मार्ग तीनच आहेत : तार लांब करणे, तिचा ताण उतरवणे किंवा तिचे वजन वाढवणे. पहिल्या मार्गाला वादकाच्या हाताची पोच मर्यादा घालते, दुसऱ्याने तार ढिली पडून सूर डळमळतो, आणि म्हणून मंद्र सप्तकाच्या वाद्यांचा इतिहास हा बव्हंशी तिसऱ्या मार्गाचा, म्हणजे तार जड करण्याच्या युक्त्यांचा इतिहास आहे. युरोपातील तंतुवाद्यांवर शतकानुशतके मेंढीच्या आतड्याची तात वापरली जाई. परंतु तात जाड करत नेली की ती दोरीसारखी लवचीक न राहता काठीसारखी ताठर होते, तिच्यातील वरचे स्वरांश मूळ सुराच्या पटीत बसत नाहीत आणि नाद बोथट होतो. सतराव्या शतकाच्या मध्यास यावर तोडगा निघाला तो बारीक तातेवर धातूची तार गुंडाळण्याचा : लवचीकपणा गाभ्याने सांभाळायचा आणि वजन वेष्टनाने पुरवायचे. लंडनचा संगीतप्रकाशक जॉन प्लेफर्ड याने १६६४ साली अशा तारांची जाहिरात केलेली आढळते. बास गिटारवर आज चढणारी प्रत्येक तार, ती कोणत्याही जातीची असो, याच विभागणीवर उभी आहे.

गोल तार गुंडाळली की पृष्ठभागावर स्क्रूच्या आट्यांसारखे वरंबे उठतात, आणि त्यांवरून गज फिरवला किंवा बोट सरकवले की सुराबरोबर खरखर ऐकू येते. ती टाळण्यासाठी वेष्टनाची बाहेरची फेरी गोल तारेऐवजी लाटून चपट्या केलेल्या धातूच्या पट्टीची द्यावी आणि पट्टीच्या कडा एकमेकींना भिडवून पृष्ठभाग गुळगुळीत ठेवावा, ही पद्धत रूढ झाली. अशा तारेला ‘फ्लॅटवाउंड’ म्हणतात, तर वरंबे असलेलीला ‘राउंडवाउंड’. व्हायोलिन कुळातील वाद्यांनी चपटे वेष्टन इतके पूर्णपणे स्वीकारले की त्यांच्या बाबतीत असा भेद करण्याची गरजच फारशी पडत नाही. विसाव्या शतकात तातेच्या जागी पोलादी गाभा आणण्यात व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इन्फेल्ड या १९१९ साली स्थापन झालेल्या कंपनीचा मोठा वाटा होता, आणि तिचे नाव या कथेत पुढे पुन्हा येणार आहे.

आडवा धरून वाजवायचा, पडद्यांचा विद्युत बास प्रथम १९३०च्या दशकात अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे पॉल टटमार्क याने बनवला, पण तो फारसा पसरला नाही. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर याने १९५१ साली ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणला, तेव्हा कोठे या वाद्याला वादक मिळाले. तारेचे कंपन विद्युतप्रवाहात बदलणारा पिकअप हा चुंबक आणि त्याभोवतीची वेटोळी यांचा बनलेला असतो. तात चुंबकीय क्षेत्र हलवू शकत नसल्याने येथे लोहयुक्त तार अपरिहार्य होती. ती चपट्या वेष्टनाचीच असावी, हे मात्र कोणी मुद्दाम ठरवलेले दिसत नाही. नव्या वाद्याने डबल बासची जागा घ्यायची होती, ते हाती घेणारे पुष्कळ जण त्याच वाद्यावरून आलेले होते, आणि गुळगुळीत तार बोटांना सवयीची व पडद्यांना मायाळू होती. फेंडरने तर घोडीवरच्या धातूच्या झाकणाखाली तारांवर टेकणारा स्पंजाचा तुकडा बसवून घुमारा आणखी आखडता केला. ज्याला आज ‘जुना बास-नाद’ म्हणून गौरवले जाते, तो असा कोणाच्या आवडीतून नव्हे, तर डबल बासच्या ठेक्याची नक्कल करण्याच्या व्यवहारी गरजेतून जन्मला.

त्या नादाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती डेट्रॉइटचा बासवादक जेम्स जेमरसन याने. मोटाउन कंपनीच्या स्टुडिओत तो प्रामुख्याने १९६२च्या प्रिसिजन बासवर वाजवीत असे; त्यावर न्यूयॉर्क राज्यातील ‘ला बेला’ या छापाच्या जाड फ्लॅटवाउंड तारा असत, झाकणाखाली स्पंज असे, आणि उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने तो तार छेडीत असे. तुटल्याशिवाय तो तारा बदलत नसे, असे त्याच्याविषयी सर्वत्र सांगितले जाते, आणि नादशास्त्राच्या दृष्टीने त्यात लहरीपणापेक्षा शहाणपण अधिक आहे. नव्या फ्लॅटवाउंडमध्येही काही काळ धातूची चमक असते. घाम आणि हाताचे तेल मुरत गेले की वरचे स्वरांश लवकर विझू लागतात, मूळ सूर पुढे येतो, आणि एकदा बसलेली तार मग वर्षानुवर्षे फारशी बदलत नाही. राउंडवाउंडच्या वरंब्यांमध्ये हाच मळ साचला की ती तार निकामी ठरते, कारण तिच्याकडून अपेक्षा चमकेचीच असते. मोटाउनमध्ये बासचा आवाज मायक्रोफोनऐवजी थेट ध्वनिमुद्रणाच्या यंत्रणेत घेतला जाई, त्यामुळे तारेचा स्वभाव आड काही न येता फीत गाठत असे. इतके करूनही या वादकाचे नाव तबकडीवर छापले गेले ते १९७१ सालच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या मार्व्हिन गेच्या अल्बमवर, तेव्हा कोठे. ही उपेक्षा त्या उद्योगाच्या एकंदर रीतीला धरूनच होती.

निवड हा प्रश्न निर्माण केला तो प्रतिस्पर्धी राउंडवाउंडने. इंग्लंडमधील ‘द हू’ या वाद्यवृंदाचा बासवादक जॉन एन्ट्विसल याला गिटार आणि ढोलांच्या गदारोळातून वर येणारा, पियानोच्या खर्जातील तारांसारखा खणखणीत आवाज हवा होता, आणि १९६६ साली त्याने ‘रोटोसाउंड’ या तारा बनवणाऱ्या कंपनीचे जेम्स हाउ यांच्याबरोबर बासच्या राउंडवाउंड तारा सिद्ध केल्या. पुढील दशकात तार आपटून वाजवण्याच्या शैलीने या तारांना हक्काचे घर दिले, आणि फ्लॅटवाउंड जुनाट ठरली. सतारियांच्या भाषेत सांगायचे तर खुल्या जवारीने बंद जवारीला मागे सारले, अर्थात तेथे किमया घोडीच्या उताराची असते, येथे वेष्टनाची. नव्या तारेची किंमतही मोजावी लागली : पडदे झिजू लागले, आणि बासवादक जॅको पास्टोरियस याला आपल्या बिनपडद्याच्या बासच्या लाकडी पट्टीवर इपॉक्सीचा कठीण लेप चढवावा लागला.

आज फ्लॅटवाउंड मुद्दाम मागून घेणाऱ्याने प्रथम जाडी पाहण्याचा प्रघात आहे. ती इंचाच्या हजारांश भागात मोजतात. जेमरसनच्या नावाने विकल्या जाणाऱ्या ला बेलाच्या संचात सर्वांत बारीक तार ५२ आणि सर्वांत जाड ११०, म्हणजे सुमारे २.८ मिलिमीटर असते; डॅडारिओच्या ‘क्रोम्स’चा प्रचलित हलका संच ४५ ते १०० आहे; थोमास्टिकच्या ‘जॅझ फ्लॅट्स’चा ४३ ते १००. शेवटच्या दोघांचे आकडे जवळपास सारखे असले, तरी हाताला लागणारा फरक मोठा असतो. जाडीवरून ताण कळत नाही. गाभा किती जाड, तो गोल की षट्कोनी, मधल्या वेष्टनाच्या फेऱ्या किती आणि धातू निकेल की स्टेनलेस पोलाद, यांवर तो ठरतो. जॅझ फ्लॅट्स बोटाखाली सैल आणि लवचीक वाटतात, आणि त्यांत मधल्या पट्टीतील गाणारा नाद अधिक असतो. क्रोम्स या वर्गात सर्वांत उजळ मानल्या जातात. जेमरसनचा नाद हवा म्हणून त्याचा संच चढवणाऱ्याने तो किती कडक आहे, हे आधी एखाद्या दुसऱ्याच्या वाद्यावर आजमावणे बरे, कारण आख्यायिकेपुढे बोटांचे काही चालत नाही.

तार बसवतानाही काही पथ्ये आहेत. वाद्याच्या अंगातून आरपार ओवण्याची सोय असली, तरी अनेक फ्लॅटवाउंड तारा तेथून नेऊ नयेत, असे खुद्द उत्पादक बजावतात. घोडीपाशी काटकोनी वळण मिळाले की चपट्या पट्टीच्या कडा फाकतात आणि वेष्टन उकलते. जास्तीचे टोक कापायचे असल्यास आधी तार तेथे काटकोनात मुडपावी लागते, नाहीतर गोल गाभ्यावरील वेष्टन आत फिरून सैल होते आणि तार पहिल्याच दिवशी मुकी पडते. जड संचाने मान पुढे ओढली जाते, तेव्हा तिच्या आतील पोलादी दांडी आवळून ती पूर्ववत आणता येते. मात्र मानेच्या माथ्यावरील पट्टीतल्या तारांच्या खाचा ११०च्या तारेसाठी कानशीने रुंद केल्या, की नंतर बारीक तार त्यांत खडखडते आणि ती पट्टीच नवी बसवावी लागते. त्यामुळे अनुभवी कारागीर जाड संच काही आठवडे वाजवून झाल्याशिवाय कानस हाती घेत नाहीत.