न उरलेल्या आवाजाचा शोध

उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज आज कुठेही ऐकायला मिळत नाही. 1855 साली जन्मलेले खाँसाहेब 1946 मध्ये मुंबईत वारले. तोवर आपल्या देशात तबकड्या निघू लागून चाळीसहून अधिक वर्षं झाली होती. लहानमोठ्या अनेक गवयांचे आणि गायिकांचे आवाज लाखेच्या काळ्या तबकड्यांवर उमटले होते. ज्यांनी जयपूर-अत्रौली गायकी घडवली, त्यांचाच आवाज तेवढा राहून गेला. तरीही मुंबईतली जाणकार मंडळी, खाँसाहेबांची तान अशी असे आणि लयीशी त्यांचं नातं असं असे, हे छातीठोकपणे सांगतात. ते त्यांना कसं कळलं? याच प्रश्नामुळे मला ध्वनिमुद्रणं जमवायचा आणि ती एकापुढे एक ठेवून ऐकायचा नाद लागला.

मी गवई नाही. कविता लिहितो, शिक्षण बी.ए.पर्यंतचं, राहणं घाटकोपरला. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि आमच्यासारख्यांच्या घरात शास्त्रीय संगीत शिरलं. त्याआधी ते रेडिओवर होतं. पण रेडिओवरचं गाणं थांबवून पुन्हा ऐकता येत नसे. कॅसेट मागे फिरवता येऊ लागली आणि तुलना सुरू झाली.

या इतिहासाची सुरुवात 1902 सालची. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्या नोव्हेंबरात त्यानं गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपता संपता त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. आज आपल्याला त्याची गंमत वाटते. त्यामागचं कारण मात्र अगदी व्यवहाराचं होतं. मुद्रण इथं व्हायचं आणि तबकड्या छापून यायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. तिथल्या कारागिरांना कोणता आवाज कोणाचा हे कळावं, म्हणून नाव तबकडीतच घातलं जाई. तीन-साडेतीन मिनिटांत आलाप, बंदिश आणि ताना बसवून वर नावही सांगायचं, ही साधी गोष्ट नव्हती. तासभर राग मांडणाऱ्या कलावंतांना आपल्या गाण्याचा अर्क काढावा लागला. काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे ठरवताना त्यांच्या मनातलं मोलाचं काय होतं ते आपोआप उघड झालं. कवीला हे लवकर कळतं. चार ओळींची अट असली की माणूस फालतू शब्द वापरत नाही.

आता अब्दुल करीम खाँसाहेबांकडे पाहा. मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, पण मिरजेचे होऊन राहिले आणि 1937 मध्ये गेल्यावर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातच विसावले. त्यांची काही ध्वनिमुद्रणं 1905ची आहेत आणि काही तीसच्या दशकातली, ओडियन कंपनीची. मधे जवळपास तीस वर्षांचं अंतर. तरुणपणचा आवाज आणि साठीतला आवाज शेजारी ठेवून ऐकता येतो, असे त्यांच्या पिढीतले कलावंत मोजकेच. त्यांच्या तबकड्यांत ‘मानापमान’ नाटकातलं ‘चंद्रिका ही जणू’ हे मराठी पदही आहे. ते मी कितीदा ऐकलं असेल याची गणती नाही. कविसंमेलनात कविता वाचून खाली उतरलो की कुणीतरी प्रेमानं म्हणतंच, ‘तुम्ही मराठी किती छान बोलता हो!’ माझा जन्म इथला, शाळा मराठी, भांडणंसुद्धा मराठीत. अशा वेळी मी खाँसाहेबांचं ते पद आठवतो. तबकडी विकत घेणाऱ्यानं त्यांना असं विचारलं असेल असं मला वाटत नाही. त्यानं सूर ऐकला आणि पैसे मोजले. गदगच्या एका पोरानं तर याच खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि 1933 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडलं. त्या पोराला पुढे आपण पंडित भीमसेन जोशी म्हणून ओळखू लागलो.

पण तुलना करायची तर आधी काही पथ्यं पाळावी लागतात. जुन्या तबकड्यांचा वेग मिनिटाला 78 फेरे असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात तो सगळीकडे सारखा नव्हता. मुद्रण एका वेगानं झालं आणि आपण ती दुसऱ्या वेगानं वाजवली, तर सूर चढतो किंवा उतरतो आणि त्याबरोबर लयही बदलते. माझ्याकडे एकाच तबकडीवरून काढलेल्या दोन सीडी आहेत. एकीत आवाज दुसरीपेक्षा जवळजवळ एका स्वरानं चढा लागतो. ज्यानं फक्त चढी सीडी ऐकली, तो गायकाचा आवाज पातळ होता असं म्हणणार. दुसरी गोष्ट खरखरीची. ती पुसताना तंबोऱ्याची आस आणि गायकाचा श्वासही पुसला जातो. मला थोडी खरखर असलेली प्रत बरी वाटते.

तिसरी गोष्ट साथीची. रेडिओनं 1940 मध्ये हार्मोनियमला दार बंद केलं, ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला किलकिलं झालं. त्यामुळे एखाद्या गायकाची त्या काळातली मैफल आणि त्याच काळातलं रेडिओवरचं गाणं शेजारी ठेवलं, तर एकीकडे पेटी आहे आणि दुसरीकडे फक्त सारंगी. पेटीचे ठाम सूर मागे नसताना गळा वेगळा चालतो. हा फरक गायकाचा नसून सरकारी हुकमाचा आहे, हे माहीत नसेल तर निष्कर्ष चुकतो.

आता पुन्हा अल्लादिया खाँसाहेबांकडे येतो. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पदरी ते होते. 1922 मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईत आले. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या शिष्या, दोघी गोव्याच्या. मंजी खाँ आणि भूर्जी खाँ हे मुलगे, आणि या दोघांचे शिष्य मल्लिकार्जुन मन्सूर. ध्वनिमुद्रणं आहेत ती केसरबाई, मोगूबाई आणि मन्सूरांची. मन्सूरांच्या काही तबकड्या तर मंजी खाँकडे जाण्याआधीच्या आहेत, ग्वाल्हेरच्या तालमीतल्या. त्यामुळे एकाच गळ्यात आधीचं आणि नंतरचं असं दोन्ही ऐकायला मिळतं. मधे जे बदललं, ते खाँसाहेबांच्या घरातून आलेलं.

एकनाथ महाराजांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण शाळेत शिकलो. मूळ हस्तलिखित हाती नसताना अनेक प्रतींतले पाठभेद तपासून मुळाकडे जायचं, ही आपल्या मराठीची जुनी रीत आहे. तबकड्यांनाही तीच लागू पडते. जे तिघांतही सापडतं ते गुरूचं मानावं, जे एकाच ठिकाणी सापडतं ते त्या कलावंताचं स्वतःचं. भरदार आकार, एकमेकींत गुंफत जाणाऱ्या ताना, मात्रेला धरून सुरांची चाललेली वीण आणि जोडरागांची ओढ हे तिघांतही आहे. केसरबाईंचा दमसास आणि राजेशाही थाट त्यांचा स्वतःचा. मोगूबाईंचा लयीवरचा शांत ताबा त्यांचा. मन्सूरांचं रागाच्या मागे धावत सुटणं मन्सूरांचं. पुढे मोगूबाईंच्या कन्या किशोरीताई आमोणकरांनी याच गायकीत संथ, भावाकुल आलापाला जागा दिली, तेव्हा ‘हे घराण्याबाहेरचं’ अशी टीका झाली. आई आणि मुलीची मुद्रणं पाठोपाठ ऐका. मुलीनं काय सोडलं आणि काय जिवापाड जपलं, ते टीकाकारांच्या लेखांपेक्षा तिथं जास्त स्पष्ट कळतं.

केसरबाई ध्वनिमुद्रणाबाबत फार सावध असत असं सांगतात. त्याच केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली आणि त्याच वर्षी त्या वारल्या. गुरूचा आवाज पृथ्वीवर उरला नाही, पण त्यांनी दिलेली तालीम सूर्यमालेच्या कडेला पोहोचली आहे.

ही सगळी पारख हौशी मंडळींच्या जिवावर उभी आहे. 1990 मध्ये मुंबईत भारतीय रेकॉर्ड संग्राहकांची संस्था सुरू झाली. सुरेश चांदवणकरांसारख्या विज्ञानाच्या माणसानं त्यात वर्षानुवर्षं कष्ट घेतले. मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन संशोधकानं कोणती तबकडी कधीची याच्या याद्या केल्या. आमच्यासारखे लोक चोरबाजारात उन्हातान्हात फिरले, काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये तासन्‌तास रेंगाळले. 2016 मध्ये तेही दुकान बंद झालं.

आता ध्वनिमुद्रणांचा तुटवडा नाही. फोनवर बोट ठेवलं की शंभर मारवे हजर होतात. घरगुती मैफलींच्या जुन्या टेपसुद्धा रोज नव्यानं बाहेर येत आहेत. पण त्यांतल्या कितीतरींवर साल नाही, गाव नाही, तबल्यावर कोण आहे याचा पत्ता नाही. कधीकधी गायकाचं नावही चुकीचं असतं. साल नसेल तर आधी काय आणि नंतर काय हे ठरत नाही, आणि ते ठरलं नाही तर कोणी कोणाकडून घेतलं हेही ठरत नाही. मग गाणं राहतं, त्याचा इतिहास जातो. सगळ्यात आधी जातं ते साथीदारांचं नाव, आणि सारंगीवाल्या घराण्यांचा इतिहास तर आधीच विरळ आहे.

आमच्या घाटकोपर-मुलुंडकडे जुन्या इमारती एकापाठोपाठ एक पाडल्या जात आहेत. आमच्याच गल्लीत अशाच एका इमारतीखाली तबकड्यांचे दोन खोके ठेवलेले होते. रद्दीवाल्यानं कागदी कव्हरं काढून वजनावर घेतली आणि तबकड्या तिथंच सोडल्या. काय विकत घेतलं जातं ते त्या दिवशी नीट पाहिलं. त्या तबकड्या मी घरी आणल्या. पण कव्हरांवर कुणी बॉलपेननं काही लिहून ठेवलं असेल तर ते गेलं ते गेलंच.

म्हणून एवढंच सांगतो. तुमच्या माळ्यावर आजोबांच्या रेकॉर्डी असतील, मामांनी गणेशोत्सवात टेप केलेली मैफल असेल, तर घर रिकामं करण्याआधी ती खाली काढा. वाजवायचं यंत्र नसलं तरी चालेल. घरातलं जे वयस्कर माणूस आहे, त्याला शेजारी बसवून विचारा, कोण गात होतं, कुठं, साल कोणतं, तबल्यावर कोण, पेटीवर कोण. तो सांगेल ते एका कागदावर लिहा आणि त्या कॅसेटला रबरानं बांधून ठेवा. गाणं पुढं कुणीही ऐकेल. ही माहिती मात्र आज ती ठाऊक असलेल्या माणसाबरोबरच जाणार आहे.