हावड्याची सुई : देह जळाला, रक्ताचा नमुना मागे राहिला

१/१४
२६ नोव्हेंबर १९३३. कलकत्त्यालगतचे हावडा रेल्वे स्थानक. पाकूरच्या जमीनदार घराण्यातील विशीतला तरुण अमरेंद्रचंद्र पांडे गाडीकडे निघाला होता. गर्दीतून खादीचे कपडे घातलेला एक इसम त्याला चाटून गेला आणि त्याच क्षणी अमरेंद्रच्या दंडात काहीतरी टोचले. तो इसम गर्दीत नाहीसा झाला. आठ दिवसांनी, ४ डिसेंबरला, अमरेंद्र मरण पावला.

२/१४
टोचल्यानंतर नातलगांनी प्रवास थांबवावा, तपासणी करून घ्यावी, असे सुचवले. स्थानकावर अनपेक्षितपणे हजर असलेला सावत्र भाऊ बिनोयेंद्र याने मात्र ही गोष्ट क्षुल्लक ठरवली. सगळे पाकूरला गेले. दोन-तीन दिवसांतच अमरेंद्रला उपचारांसाठी कलकत्त्यास परत आणावे लागले. ताप चढत गेला, काखेतील गाठी सुजल्या, दंडावर सुईच्या टोचणीसारखी खूण आढळली.

३/१४
मृत्यूच्या दाखल्यावर कारण नोंदले गेले : न्यूमोनिया. मृत्यू नैसर्गिक ठरल्यामुळे शवविच्छेदनाचा प्रश्नच उद्भवला नाही आणि देहाला अग्नी देण्यात आला. सर्वसाधारणपणे अशा प्रकरणाचा शेवट इथेच होतो. फुप्फुसे, प्लीहा, गाठी, सुईची खूण, जे काही साक्ष देऊ शकले असते ते सारे राख झाले होते.

४/१४
एक गोष्ट मात्र उरली होती. अमरेंद्र जिवंत असताना डॉक्टरांनी त्याचे रक्त तपासणीसाठी घेतले होते. अशा तपासणीत रक्त पोषक द्रव्यात मिसळून उबेत ठेवतात. त्यात जंतू असतील तर ते वाढू लागतात आणि मग त्यांची ओळख पटवता येते. या कामाला दिवस लागतात. म्हणून अहवाल आला तेव्हा रुग्ण या जगात नव्हता.

५/१४
अहवालात नाव होते प्लेगच्या जंतूचे. आज त्याला ‘यर्सिनिया पेस्टिस’ म्हणतात. अलेक्झांडर यर्सिन याने १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत हा जंतू शोधला होता. त्या सुमारास कलकत्त्यात प्लेगची साथ नव्हती. मग हा एकच तरुण प्लेगने मेला कसा?

६/१४
उत्तर रोगाच्या वाटचालीत आहे. प्लेग मुळात उंदरांचा रोग. ‘उंदीर पडू लागले’ की त्यांच्या अंगावरील पिसवा माणसांकडे वळतात. पिसू चावली की जंतू त्वचेखाली शिरतात आणि जवळच्या लसिका गाठीत जाऊन वाढतात. पिसू बहुधा पायाला चावते, त्यामुळे गाठ जांघेत उठण्याचे प्रमाण अधिक. दंडातून शिरलेला जंतू मात्र काखेत जातो. हावड्याच्या सुईने पिसवेचेच काम केले होते.

७/१४
जंतू ओळखला गेला. हेतू घरातच होता. वडिलांच्या मृत्यूनंतर इस्टेटीत दोघा सावत्र भावांचा वाटा होता आणि त्यावरून वाद सुरू होते. १९३२ मध्ये देवघर येथे बिनोयेंद्रने अमरेंद्रच्या नाकावर चिमट्याचा चष्मा असा काही दाबला की त्वचा खरचटली. त्यानंतर अमरेंद्रला धनुर्वात झाला. प्रतिविषाच्या सुयांमुळे तो त्या वेळी वाचला.

८/१४
उरला प्रश्न : प्लेगचे जंतू आणले कुठून? इथे कथा मुंबईला येते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात गोमंतकीय डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे निदान केले होते. जानेवारी १८९७ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्यात प्लेगची लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन संस्था हे नाव मिळाले.

९/१४
लस करायची तर जिवंत जंतू जोपासावे लागतात. बिनोयेंद्रचा साथीदार डॉ. तारानाथ भट्टाचार्य हा जंतुशास्त्राचा जाणकार होता. १९३२ पासून त्याने हे जंतू मिळवण्याचे वारंवार प्रयत्न केले आणि ते फसले. जुलै १९३३ मध्ये दोघे मुंबईत आले. प्लेगवर औषध शोधल्याचा दावा करून तारानाथने आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात काम करण्याची मुभा मिळवली. तिथे त्याने उंदरांवर जंतूंचे प्रयोग केले आणि काही दिवसांतच काम अर्धवट सोडून तो निघून गेला.

१०/१४
रक्ताच्या अहवालाने प्लेग सिद्ध होत होता, खून नव्हे. तो दुवा पोलिसांनी कागदपत्रांतून जुळवला : हॉटेलच्या नोंदवहीतील हस्ताक्षर, प्रयोगशाळेला पाठवलेले संदेश, प्रवासाच्या नोंदी, उंदीर विकत घेतल्याच्या पावत्या. १९३४ मध्ये अटका झाल्या.

११/१४
१९३५ मध्ये सत्र न्यायालयाने बिनोयेंद्र आणि तारानाथ यांना फाशीची शिक्षा सुनावली. आरोपी असलेले आणखी दोन डॉक्टर निर्दोष सुटले. जानेवारी १९३६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने दोघांची फाशी रद्द करून जन्मठेपेची, म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा कायम केली. ज्याच्या हाताने सुई टोचली तो इसम कधीच सापडला नाही.

१२/१४
तुलनेसाठी ४५ वर्षे पुढे जाऊ. ७ सप्टेंबर १९७८ रोजी लंडनच्या वॉटर्लू पुलाजवळ बल्गेरियन लेखक गिओर्गी मार्कोव्ह यांच्या मांडीला मागून काहीतरी टोचले. एक माणूस छत्री उचलताना त्यांना दिसला. चार दिवसांनी ते मरण पावले. इथे मात्र शवविच्छेदन झाले. मांडीतील ऊती तपासताना टाचणीच्या डोक्याएवढी धातूची गोळी मिळाली. प्लॅटिनम व इरिडियमची, आत बारीक छिद्रे असलेली.

१३/१४
गोळीत विष शिल्लक नव्हते. तज्ज्ञांनी गोळीत मावेल ते प्रमाण आणि मृत्यूपूर्वीची लक्षणे यांवरून एरंडाच्या बियांतील रिसिन या विषाचा निष्कर्ष काढला. डुकरावर तेच विष वापरून पाहिले तेव्हा लक्षणे जुळली. लंडनमध्ये विष सापडले नाही, पण देह होता. कलकत्त्यात देह नव्हता, पण जंतू सापडला होता.

१४/१४
दोन्ही मारेकऱ्यांचा भरवसा एकाच गोष्टीवर होता : मृत्यू आजारासारखा दिसला की कोणी पुढे विचारणार नाही. पाकूर प्रकरणात दाखला लिहिला गेला, चिता पेटली, भावाच्या वाटेतला काटा दूर झाला. तोवर एका प्रयोगशाळेत, मेलेल्या माणसाच्या थोड्याशा रक्तात, जंतू वाढत होते. तो नमुना डॉक्टरांनी खून उघडकीस आणण्यासाठी घेतला नव्हता. त्यांना रुग्णाचा ताप कशाने आला, एवढेच समजून घ्यायचे होते.

(धागा समाप्त)